पाठीमागची पाल

माझ्या मामाची जीभ काळी होती. बोललेलं वाईट खरं होतं, त्या अर्थानं नव्हे. तसं असतं तर त्याचा प्रकाशक केव्हाच पुरात वाहून गेला असता. मामाची जीभ शाईनं काळी होती. ब्रशला टोक काढायचं म्हणजे तो ओठांत धरून फिरवायचा, एका पानामागे साठ-सत्तर वेळा. पंचवीस वर्षं हेच केल्यावर जिभेच्या मधोमध एक काळपट पट्टा कायमचा बसला होता. डॉक्टरनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी स्वतःची खुर्ची मागे सरकवली. मामी म्हणायची, "यांना जांभई आली की मी खिडकीबाहेर बघते."

शाईची चव कशी असते, असं मी एकदा विचारलं.

"कुजक्या हाडासारखी," मामा म्हणाला आणि ब्रश पुन्हा तोंडात घातला.

मामा चित्रकथा काढायचा. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, फुग्यांतली अक्षरंसुद्धा त्याचीच. पुस्तकावर नाव मात्र त्याचं नसायचं. मुखपृष्ठावर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'पालेंद्र'. आत निर्मिती म्हणून प्रकाशकाचं नाव, संकल्पना म्हणून प्रकाशकाच्या मुलाचं नाव, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, छापखान्याच्या पत्त्याखाली, मुंगीएवढ्या टायपात 'चित्रे : स्टुडिओ'. त्या स्टुडिओत एक टेबल, एक कपाट, एक कात्रीवाला आणि माझा मामा, एवढाच संसार होता.

मी गावच्या शाळेत होतो तेव्हा वर्गात पालेंद्राचं राज्य होतं. भिंतीवर उलटा चढणारा, शेपूट तोडून चोरांना गुंगवणारा, हातभर जिभेनं पिस्तूल हिसकावून घेणारा हिरवा माणूस. (पालीची जीभ एवढी लांब नसते, हे मामा शेठला सांगून सांगून थकला होता.) हा माझ्या मामानं काढलाय, असं मी एकदा मधल्या सुट्टीत सांगून टाकलं. पोरांनी अंक उलटासुलटा करून पाहिला.

"मग मामाचं नाव कुठंय?"

मी मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"स्टुडिओ नावाचा मामा आहे होय तुझा," एक जण म्हणाला. दहावी होईपर्यंत माझं नाव 'स्टुडिओचा भाचा' होतं.

आता यातली खरी गंमत अशी, की मामाला पालीची किळस होती. भीती नव्हे, किळस. भीती पाल गेली की जाते, किळस मागे राहते. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावाला पाणी सोडायचे. छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लीगल्लीतून फिरायचे आणि रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखालचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. पंपघराशेजारी त्यांची बसायची खोली होती. शाळा सुटली की मामा तिथल्या फरशीवर कोळशानं चित्रं काढत बसायचा. सात वर्षांचा असताना वरच्या पत्र्यावरून एक पाल त्याच्या मानेवर पडली आणि सदऱ्यात शिरली. सदरा निघेपर्यंत ती पाठीवरून पोटावर आणि पोटावरून परत पाठीवर अशी फिरून आली.

"थंड होती," मामा सांगायचा. "थंड आणि मऊ. तिलाही आत राहायचं नव्हतं, हे मला कळत होतं. आम्ही दोघं एकच गोष्ट मागत होतो."

पुढे शहरात येऊन मामा शेठकडे चिकटला. शेठ म्हणजे तो प्रकाशक. तेव्हा तो वह्या आणि उजळणीची पुस्तकं छापायचा. मुलांसाठी चित्रकथा काढायचं त्याच्या मनात आलं आणि पहिला अंक मामाच्या गळ्यात पडला. त्यात एक रुबाबदार इन्स्पेक्टर नायक होता. खलनायक म्हणून मामानं जगातली सगळ्यात नकोशी गोष्ट घेतली : पाल्या, अर्धा माणूस आणि अर्धी पाल. इन्स्पेक्टर त्यानं दोन दिवसांत उरकला. पाल्याला महिना दिला. गळ्याखाली धडधडणारी कातडी, पोटातून आरपार दिसणारी निळी शीर, बोटांच्या टोकांचे चिकट गोळे. एकेक रेघ काढताना अंगावर काटा यायचा आणि तो काटा रेघेत उतरायचा.

पोरांनी इन्स्पेक्टरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पत्रं आली ती सगळी पाल्याला. शेठनं ताबडतोब पाल्याला बढती दिली. खलनायकाचा नायक झाला, पाल्याचा पालेंद्र झाला, आणि इन्स्पेक्टर तिसऱ्या अंकात बदली होऊन गेला तो परत आला नाही.

"जीव ओतून काढलायस मास्तर," शेठ म्हणाला.

"जीव नाही शेठ, ओकारी आहे ती."

"मग ओकारी चालू ठेव."

ती पंचवीस वर्षं चालू राहिली. तीन महिन्यांनी एक अंक. शेपूट तुटल्यावर नेमकी कशी वळवळते ते पाहायला मामानं दोन महिने एक पाल बरणीत घालून घरच्या टेबलावर ठेवली होती. मामीनं तेवढे दोन महिने त्या खोलीत केर काढला नाही. चाहत्यांची पत्रं यायची, त्यांतून वाळलेली शेपटं यायची. एका पोरानं प्रेमानं अख्खी पाल पाठवली होती, पोस्टाच्या शिक्क्याखाली चपटी झालेली. सोबत चिठ्ठी : 'पालेंद्रास भेट.' मामानं ते पाकीट चिमट्यानं धरून बाहेर टाकलं, आणि मग टेबलाशी बसून दुपारभर पालच काढली.

छापलेला अंक मात्र तो कधी उघडायचा नाही. घरी आलेली प्रत तशीच सुतळीनं आधीच्या गठ्ठ्याला बांधायची आणि खाटेखाली ढकलायची. मी विचारलं, तर म्हणाला, "उलटी झाल्यावर वाकून बघायची नसते."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मामाचा सगळा घात पुढे याच वाक्यानं केला.

मी कॉलेजसाठी शहरात आलो आणि मामाच्या दोन खोल्यांतली एक अडवून बसलो. कॉलेजपासून स्टुडिओ चार पावलांवर, म्हणून अधूनमधून तिकडे डोकवायचो आणि प्रत्येक वेळी ठरवायचो की आता यायचं नाही. जिना चढतानाच आंबलेल्या खळीचा वास यायचा. कात्रीवाला सोमवारी पिठाची खळ शिजवायचा आणि शनिवारपर्यंत तीच पुरवायचा. गुरुवारनंतर तिच्यावर साय धरायची, आणि त्या सायीत एखादं झुरळ पाय वर करून निवांत पडलेलं असायचं. कात्रीवाला ते ब्रशनं कडेला सारून काम चालू ठेवायचा. शेठ समोर बसून पानं तपासायचा. त्याच्या हातात लाल पेन्सिल असे. तिच्या टोकानं तो चुका दाखवायचा, बुडानं कान कोरायचा आणि कानातून जे निघेल ते टेबलाच्या कडेला पुसायचा. पान पसंत नसलं की चित्रावरच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारायचा.

मी शहरात यायच्या कितीतरी आधी, चाळिसाव्या अंकाच्या सुमारास, मामाचं मनगट धरलं होतं. अंक तर काढायलाच हवा. तेव्हा त्यानं एक युक्ती काढली. जुन्या अंकांच्या मूळ पानांवरचे चेहरे कापून पाकिटांत भरून ठेवायचे आणि नव्या पानांवर लागतील तसे चिकटवायचे. पाकिटांवर त्यानंच वळणदार अक्षरांत नावं घातली : राग, भीती, रडू, हसू, म्हातारे, गर्दी. झेरॉक्सवर रेघ करडी येते, म्हणून कापायचं ते मूळ चित्रच, हा नियमही त्याचाच. चुकून न छापलेलं पान कापलं जाऊ नये म्हणून छापून झालेल्या पानाच्या मागे लाल फुली मारायची, आणि मागे फुली दिसल्याशिवाय कात्री लावायची नाही, हीही खबरदारी त्याचीच. कात्रीवाला हे नियम देवाज्ञेसारखे पाळायचा. त्याला चित्रातलं काही कळत नव्हतं आणि त्यामुळेच तो फार सुबक कापायचा.

मनगट बरं झालं, पण पाकिटं राहिली. शेठला त्यांची चटक लागली. पुढे पुढे तर मामा फक्त पालेंद्र काढायचा. बाकी जग पाकिटांतून यायचं.

एवढ्या चिखलात मामानं एक गोष्ट कोरडी ठेवली होती. दर रविवारी, सहा वर्षं, तो घरी स्वतःचं एक पुस्तक काढत होता. नाव 'चावी'. आजोबांचा एक दिवस, चौसष्ट पानांत. उन्हाळा, टाकीत पाणी कमी, आणि आजोबा चावी घेऊन प्रत्येक गल्लीला मोजून दहा मिनिटं पाणी सोडत चाललेत. शेवटची गल्ली त्यांची स्वतःची. दहा मिनिटं होतात. नळाशी आजीची घागर अर्धीच भरलेली आहे आणि आजी नुसती त्यांच्याकडे बघतेय. आजोबा वाकतात आणि व्हॉल्व्ह बंद करतात. त्या क्षणाचं आजोबांचं तोंड मामानं अकरा वेळा काढलं होतं. बारावं त्याला पटलं. मी ते पाहिलंय. मला त्याचं वर्णन करता येत नाही आणि मी करणारही नाही. आमच्या आईनं ते पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावून न जेवता झोपली.

अशा पुस्तकासाठी शेठच्या स्टुडिओतला जाड पुठ्ठाच हवा, आणि तो मागायची मामाला लाज. म्हणून शेठनं फुली मारून नापास केलेली पालेंद्राची पानं तो घरी आणायचा, उलटी करायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आजोबा काढायचा.

"वाया कशाला घालवायचं," तो म्हणायचा.

पुस्तक पुरं झालं तेव्हा अठ्ठ्याऐंशीवा अंक चालू होता. मामा निळी फाइल घेऊन शेठसमोर उभा राहिला.

"तुझंच पुस्तक काढणार मास्तर," शेठ म्हणाला. "तुझ्या नावानं काढणार. मुखपृष्ठावर नाव टाकू, हे एवढं. फक्त पालेंद्राची शंभरी होऊ दे. ठेव फाइल कपाटात, सवडीनं वाचतो."

त्यानंतर मामानं प्रत्येक अंकाला विचारलं आणि शेठनं प्रत्येक अंकाला सांगितलं, "वाचतोय." तीन वर्षं. चौसष्ट पानं, त्यांतली निम्मी बिनशब्दांची.

मामी वैतागायची. "अहो, त्याला वाचता येतं का ते तरी बघा आधी."

"शंभर होऊ दे," मामा म्हणायचा. या एका शंभराच्या आशेवर तो रोज सकाळी ती थंड, मऊ, हिरवी घाण काढायला बसायचा.

शंभराव्या अंकात पालेंद्राचं पालीचं तोंड हा मुखवटाच होता असं ठरवून शेठला तो उतरवायचा होता. पंचवीस वर्षांनी वाचकांना खरा चेहरा दिसणार, म्हणून जाहिरातही झाली होती. मामानं ते पान काढलं. मुखवटा हातात धरलेला, मान ताठ, मागे सूर्य. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा अंडाकार.

"याला कसला चेहरा द्यायचा?" तो मला म्हणाला. "मला सुचतच नाही. देऊन टाकतो तसंच. घालू दे काय घालायचं ते."

असं म्हणून त्यानं पान पाठवून दिलं आणि हात दोनदा साबणानं धुतले.

महिन्याभरानं मी केस कापायला गेलो होतो. दुकानात बाकावर नव्व्याण्णवावा अंक पडला होता. मी चाळला. चौदाव्या पानावर गटारातून एक शंभर पायांचा राक्षस बाहेर आला होता आणि लोक किंचाळत होते. गर्दीत पुढे एक म्हातारा होता. डोक्यावर फुगा : 'पालेंद्रा, आता तूच तार रे.' म्हाताऱ्याच्या खांद्यावर लोखंडी दांड्याचं एक टोक दिसत होतं, तिथेच चित्र कापलेलं.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. (मामासमोर हा वाक्प्रचार वापरायला मामीनं बंदी घातली होती, पण तेव्हा जे चुकचुकलं ते दुसरं काही नव्हतं.) आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. त्यातले डोळे, तीच भुवई, हनुवटीवरचा तोच खळगा. मी अर्ध्या कापलेल्या केसांनिशी उठलो.

"अहो, एक बाजू राहिलीय," न्हावी म्हणाला.

घरी मामा ताटावर बसला होता. मी अंक उघडून ताटाशेजारी ठेवला. त्यानं सवयीनं मान फिरवली.

"मामा, बघ."

"जेवताना नको रे ते."

"चौदावं पान. गर्दीत बघ."

त्यानं पाहिलं. घास हातातच राहिला. मामी मागून वाकली आणि म्हणाली, "हे मामंजी नव्हेत का?"

मामा उठला. त्यानं हात धुतला, खाटेखालून गठ्ठा ओढला आणि सुतळी दातांनी तोडली. आम्ही तिघं जमिनीवर बसलो. अठ्ठ्याऐंशीपर्यंत काही नव्हतं. एकोणनव्वदमध्ये आजोबा भिकारी होते. नव्वदमध्ये न्यायाधीश. एक्क्याण्णवमध्ये मेलेले; तोंडावर माशा काढल्या होत्या, त्या मामाच्या नव्हत्या, कुणीतरी पेननं टिंबं दिली होती. चौऱ्याण्णवमध्ये आजी अर्धी घागर घेऊन हिरव्या विषारी चिखलात कमरेपर्यंत बुडाली होती. मामी एकेक पान उलटायची आणि 'हे बघा' म्हणायची. मग तिनं 'हे बघा' म्हणणं सोडलं आणि नुसतं बोट ठेवू लागली.

शेवटी मामानं जीभ ओठांवरून फिरवली, ब्रश नसतानाही. "तीन वर्षं माझ्याच खाटेखाली होते," तो म्हणाला. "मी वरून झोपत होतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्टुडिओत गेलो. शेठ खुशीत होता. शंभराव्या अंकाच्या पहिल्या प्रती नुकत्याच आल्या होत्या. मामानं त्याच्याकडे पाहिलं नाही, सरळ कपाट उघडलं आणि निळी फाइल बाहेर काढली. ती हलकी लागली असावी, कारण त्याचा हात अपेक्षेपेक्षा वर गेला. त्यानं पहिलं पान उचललं. गल्ली होती, झाकण होतं, चावी होती, आणि जिथं आजोबांचं डोकं असायला हवं तिथं सुबक गोल भोक होतं. त्यातून पलीकडचा पंखा फिरताना दिसत होता.

"हे कोणी कापलं?"

"मी, साहेब," कात्रीवाला म्हणाला. तो साठीचा, शांत माणूस, कात्री टेबलावर ठेवून उभा राहिला. "पाकिटं रिकामी झाली होती. ही जुन्या पानांच्या खणातच होती."

"ही जुनी पानं वाटली तुला?"

"मी आपलं मागे बघितलं. फुली होती."

मामानं पान उलटलं. मागे शेठनं कधीकाळी नापास केलेला पालेंद्र होता, भिंतीला चिकटलेला, आणि त्याच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली. त्यानं दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. चौसष्टही पानांमागे पाल होती, आणि प्रत्येक पालीवर फुली. सहा वर्षं त्यानं आपल्या बापाला पालीच्या पाठीवर काढलं होतं आणि एकदाही त्याला तसं वाटलं नव्हतं, कारण ती बाजू तो बघतच नव्हता.

"माझं काही चुकलं का, साहेब?" कात्रीवाल्यानं विचारलं.

मामानं पानं परत फाइलीत लावली. मग म्हणाला, "नाही. तू नियमानं कापलंस."

शेठ इतका वेळ ऐकत होता. आता त्यानं कानातली पेन्सिल काढली. "मास्तर, झालं ते वाईट झालं, मला मान्य आहे. पण आधी हे बघ." आणि त्यानं शंभरावा अंक मधोमध उघडून समोर धरला.

मुखवटा हातात. मान ताठ. मागे सूर्य. आणि त्या पांढऱ्या अंडाकारात आजोबा. बारावं तोंड. स्वतःच्या बायकोचं पाणी बंद करतानाचं. खाली, मानेपासून, हिरवे खवले.

मी खळीच्या डब्याकडे पाहिलं आणि ते करायला नको होतं.

"ज्यानं ज्यानं पाहिलं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं," शेठ म्हणाला. "छापखान्यातला माणूस म्हणाला, एवढा चांगला चेहरा आजवर झाकून का ठेवलात. मास्तर, मी शब्द पाळणारा माणूस आहे. तुझं पुस्तक काढू. भोकं आहेत तिथं तोंडं परत काढ. फक्त नाव घालू 'पालेंद्राचा बाप'. गावाला पाणी सोडणारा साधा माणूस आणि त्याचा मुलगा पुढे पालेंद्र होतो. मुखपृष्ठावर तुझं नाव. हे एवढं." त्यानं दोन्ही हातांनी वीतभर अंतर दाखवलं.

पंचवीस वर्षं मामानं त्या वीतभर जागेची वाट पाहिली होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. खरं सांगतो, मला वाटलं तो हो म्हणेल. 'स्टुडिओचा भाचा' हे नाव ज्यानं सोसलंय, त्याला तसं वाटणारच.

"शेठ," मामा म्हणाला, "त्या पेन्सिलीचं टोक कुठलं आणि बूड कुठलं, हे तुम्हाला तरी अजून कळतं का?"

शेठनं पेन्सिलीकडे पाहिलं. तेवढ्यात मामानं निळी फाइल काखेत मारली आणि जिना उतरला. नंतरच्या अंकांचे पालेंद्र पाकिटांतूनच आले. पंचवीस वर्षांत पालेंद्राचीही चार पाकिटं जमली होती. कुणाला फरक कळला नाही, हे मामाला मी सांगितलं नाही, पण मामीनं सांगितलं.

घरी मामानं फाइल समोर ठेवली आणि चार दिवस नुसता बसून राहिला. आजोबांचं तोंड परत काढायला घेतलं की ब्रश तोंडात घालायचा आणि तसाच बाहेर ठेवायचा.

"का हो?" मामीनं विचारलं.

"आता ते कुणीही बघितलं तरी पालेंद्रच म्हणणार. मलाच खाली खवले दिसतात."

"मग नका काढू तोंड," मामी म्हणाली. ती भांडी पुसत होती आणि तिला स्वयंपाकघरात परत जायचं होतं. "मामंजी तोंड दाखवायचे तरी कुणाला. पहाटे निघायचे ते पाठ करून, यायचे तेव्हा खाली मान. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मी त्यांना पाठीवरूनच ओळखत होते."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग उठून बाजारात गेला आणि कोरे पुठ्ठे घेऊन आला. दोन्ही बाजूंनी कोरे. घरी आल्यावर एकेक उलटून पाहिला.

नवी 'चावी' दीड वर्षात झाली. चौसष्ट पानं, आणि एकाही पानावर आजोबांचा चेहरा नाही. आहे ती पाठ. चावीच्या ओझ्यानं एका बाजूला उतरलेला खांदा, घामानं सदऱ्याला चिकटलेला कणा, मानेवरची सुरकुती. शेवटच्या गल्लीत ते वाकतात तेव्हा पान भरून नुसती वाकलेली पाठ आहे, आणि वरच्या कोपऱ्यात अर्ध्या घागरीचा काठ. बारावं तोंड मी पाहिलेलं आहे. ही पाठ त्याहून वाईट आहे. मी ती एकदाच पाहिली.

वह्या बांधणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं पुस्तक छापलं, तीनशे प्रती. मुखपृष्ठावर मामाचं नाव. वीतभर नाही, बोटभर. मामानंच लहान करायला सांगितलं. पहिली प्रत आली ती त्यानं उघडली. छापलेलं पुस्तक उघडताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. नाक मुरडून, हात लांब धरून, पण त्यानं शेवटपर्यंत उलटलं.

तेवढ्यात कात्रीवाला आला. पुस्तक आल्याचं त्याला कुठून कळलं कोण जाणे. दारात चपला काढून तो अवघडून बसला. मामानं पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"बघ. यातलं काय कापशील?"

कात्रीवाल्यानं कामासारखं काम म्हणून एकेक पान पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं आपोआप उघडत-मिटत होती. मामी चहा घेऊन आली तरी त्यानं मान वर केली नाही. शेवटी पुस्तक मिटलं.

"काही नाही, साहेब. पाठींचं पाकीट नाही आपल्याकडे."

मामाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तो हसला, सगळी काळी जीभ दाखवून, आणि मामीनं खिडकीबाहेर पाहायचंसुद्धा विसरून त्याच्याकडे पाहिलं.

कात्रीवाल्यानं पुस्तक पुन्हा उघडलं. दहावं पान, पंपघर. आजोबा चावी उचलताहेत, कोपऱ्यात एक मुलगा फरशीवर चित्र काढतोय, आणि वर पत्र्याला चिकटून एक छोटी पाल. पहिल्या 'चावी'त ती नव्हती. का घातलीस, असं मी मामाला विचारलं होतं. 'होती ना तिथं,' एवढंच तो म्हणाला होता.

"ही मात्र निघेल," कात्रीवाला म्हणाला आणि तिच्याभोवती प्रेमानं बोट फिरवलं. "काय जिवंत आलीय. शेठना दाखवू का?"

मामानं पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं आणि हात धुवायला गेला.